मालक नसलेल्यांचा मालक

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा हमाल तुम्ही पाहिला असेल. त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारतो. या माणसाचा मालक कोण?

हळद शेतकऱ्याची. पण शेतकरी म्हणेल, "माझ्या पट्टीतून हमाली कापून गेली, माझा संबंध संपला." अडत्याला विचारा. तो म्हणेल, "मी मधला, माल माझा नाही." खरेदीदार व्यापारी म्हणेल, "मी हळद घेतली, माणूस घेतला नाही." ट्रकवाला तर खाली बघायलाही तयार नाही. बाजार समिती म्हणेल, "आम्ही लायसन देतो, पगार नाही." पूर्वी हीच हळद शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत साठवली जायची. वीस-पंचवीस फूट खोल, कोंदट अंधारात उतरून हमाल ती भरायचे आणि उपसायचे. तिथे पेवाचा धनी आणखी वेगळा, आणि तो म्हणणार, "मी फक्त जागा भाड्यानं दिली."  

आणि दुपारी हाच हमाल बेदाण्याच्या पेट्या उचलत असतो, दुसऱ्याच पाचजणांसाठी. म्हणजे एका दिवसात दहा धनी, आणि संध्याकाळी मोजायला बसलं तर एकही नाही!

यात एवढं काय बिघडलं? आपल्या कामगार कायद्यांची इमारत ज्या एका विटेवर उभी आहे, ती वीटच इथे गायब आहे. कामावर अपघात झाला तर भरपाई द्यायची, हा कायदा १९२३चा. पगार वेळेवर द्यायचा, हा १९३६चा. कारखान्यातले कामाचे तास, सुट्ट्या, स्वच्छता हे १९४८चं. प्रॉव्हिडंट फंड १९५२चा. प्रत्येक कायदा सुरुवातीलाच विचारायचा, तुझा मालक कोण? किती माणसं आहेत त्याच्याकडे? कारखान्याची जागा कुठली?

किर्लोस्करवाडीला ही उत्तरं चटकन देता येतात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला. तिथे एक फाटक आहे, एक हजेरीपत्रक आहे, मालकाचं नाव पाटीवर आहे. फाटकाच्या आत शिरला तो कामगार. हमालाला फाटकच नाही. तो उघड्यावर काम करतो, गाडी आली तर काम आहे, नाही आली तर नाही. मजुरी दिवसावर ठरत नाही, पोत्यावर ठरते. आणि तो एकटा काम करत नाही, टोळीत करतो. टोळीचा मुकादम काम धरतो, पैसे घेतो, वाटतो. मुकादम देवमाणूस असला तर ठीक. नसला तर?

याचं उत्तर कसं मिळालं ते पाहायला आता सातारा जिल्ह्याकडे वळू. पाटण तालुक्यातलं मंद्रुळकोळे हे अण्णासाहेब पाटलांचं गाव. जन्म १९३३चा. पाटण, जावळी भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबई गाठून ओझी उचलत आली. अण्णासाहेबही त्यांच्यातलेच, स्वतः ओझी वाहिलेले. १९६०च्या दशकात त्यांनी मुंबईच्या बाजारांतले माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, एकत्र आणले. नुसती मजुरी वाढवून मागितली असती, तर ती दोन वर्षांत महागाईनं खाल्ली असती. मागणी वेगळीच होती. आम्हालाही कायदा द्या.

सरकारनं जुलै १९६५ मध्ये एक समिती नेमली. तिला काम दिलं होतं मोठं व्यवहारी. असलेलेच कायदे थोडे ताणून या लोकांना बसवता येतात का ते पाहा. नोव्हेंबर १९६७ मध्ये अहवाल आला. शेवटी निष्कर्ष निघाला तो असा, की कायदे कितीही ताणले तरी पुरत नाहीत. ज्याला मालक नाही त्याच्यावर मालकाचा कायदा लावणार कसा?

मग काय केलं असेल? मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, मालक शोधून काढायची काहीतरी युक्ती केली असेल. पोत्याचा शेवटचा धनी तो मालक, किंवा मुकादम तो मालक, असं काहीतरी. तसं केलं नाही. मालक शोधायचा नादच सोडला आणि एक नवा मालक घडवला.

ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. ती आली गोदीतून. लंडनच्या गोदीत शंभर वर्षांपूर्वी रोज सकाळी फाटकाबाहेर गर्दी उभी राहायची, फोरमन बोट दाखवील त्याला त्या दिवसाचं काम, बाकीचे उपाशी घरी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, ब्रिटननं यावर तोडगा काढला. गोदी कामगारांची नोंद करणारं एक मंडळ. जहाज कंपनी कुठलीही असो, कामगार मंडळाचा. भारतानं १९४८ मध्ये तसाच कायदा केला. गंमत पाहा, मुंबईच्या गोदीच्या भिंतीच्या आत गोणी उचलणाऱ्याला आता संरक्षण होतं. तीच गोणी भिंत ओलांडून मस्जिद बंदरच्या गोदामात आली, की तिला उचलणाऱ्या माणसाला काहीच नव्हतं. गोणीचं वजन तेवढंच. अंतर जेमतेम हाकेचं.

महाराष्ट्रानं ती भिंतच पाडली. १९६९चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री. पुढच्याच वर्षी मुंबईच्या लोखंड बाजारासाठी या कायद्याखालची योजना आली, मग एकेक करून किराणा बाजार, कापड बाजार, कांदा-बटाटा, रेल्वेचे माल धक्के.

या कायद्यात कामगार कोणाला म्हटलंय ते जरूर वाचा. थेट कामाला लावलेला असो वा कुणामार्फत, मजुरी घेऊन असो वा न घेता, अंगमेहनतीचं काम करणारा तो कामगार. एवढ्यावर थांबलेले नाहीत. ज्याला कुठल्याही मालकानं किंवा ठेकेदारानं कामावर ठेवलेलंच नाही, पण जो त्यांच्या परवानगीनं किंवा त्यांच्याशी ठरवून काम करतो, तोही कामगार! कायद्याच्या कलमाला मी सहसा दाद देत नाही. या कलमाला मात्र दिली. "हा आमचा माणूस नाही" हे जे वाक्य मघापासून सगळे बोलत होते, त्याची हवाच काढून घेतली. तुमचा नसेना का. तुमच्या मालाला हात लावतोय ना?

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. कायद्याखाली मंडळ बनतं. त्यात मालकांचे प्रतिनिधी आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, आणि सरकारचे सदस्य, पण एकतृतीयांशापेक्षा जास्त नाहीत. मंडळाकडे दोघांचीही नोंद होते, हमालाची आणि व्यापाऱ्याची. त्यानंतर नोंदलेल्या व्यापाऱ्याकडे नोंदलेली टोळी.

समजा, दहाजणांच्या टोळीनं एका व्यापाऱ्याची २०० पोती उतरवून थप्पी लावली. समजा दर पोत्याला १० रुपये. मजुरी झाली २००० रुपये. हे पैसे व्यापारी मुकादमाच्या हातावर ठेवत नाही. तो ते मंडळात भरतो, आणि त्याच्या वर आणखी एक रक्कम भरतो, तिचं नाव लेव्ही. तिचा टक्का मंडळागणिक वेगळा असतो; हिशेबापुरते आपण ३५ टक्के धरू, म्हणजे ७०० रुपये. मंडळात एकूण २७०० जमा झाले. मजुरीचे २००० टोळीत वाटून प्रत्येकाला २००. आणि लेव्हीतले ७० रुपये प्रत्येकाच्या नावानं बाजूला पडले. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, दवाखाना.

दुपारी बेदाण्याचा व्यापारी वेगळा, उद्या गुळाचा वेगळा. काही बिघडत नाही. गावच्या दूध डेअरीत शंभर घरांचं दूध एका टाकीत जातं, पण कुणाची म्हैस किती दूध देते हे ज्याच्या त्याच्या पुस्तकात चढतं आणि दिवाळीला बोनसचा हिशेब त्यावरच होतो; इथेही तसंच, शंभर व्यापाऱ्यांचे पैसे एका टाकीत येतात आणि माणसागणिक पुस्तकात चढतात. हमालानं कुणाचं किती उचललं याचा माग पैसाच ठेवतो. इथे हक्क चिकटला आहे पोत्याला. जिथे पोतं हलेल तिथे ग्रॅच्युइटीचे चार पैसे हलणार.

आणि पोतं अंगावर पडून पाय मोडला तर? भरपाईचा कायदा मालक मागतो, हे आपण पाहिलं. माथाडी कायद्याचं १८वं कलम त्यावर सरळ सांगतं, की नोंदलेल्या कामगाराची मजुरी मंडळ देत असेल, तर या कामापुरतं मंडळालाच मालक समजावं. चक्क. फळीवर चढणाऱ्या माणसाला अखेर एक मालक मिळाला, ज्याचं स्वतःचं एक पोतंही नाही.

व्यापारी अर्थातच कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं १९७०च्या दशकात कायदा वैध ठरवला. पुढे वाद सुरू झाला तो कायद्यात कोण येतं यावर. कारखान्याचा स्वतःचा कायम कामगार, ज्याला फंडापासून बोनसपर्यंत सगळं आधीच मिळतं, तो ओझं उचलतो म्हणून माथाडी का? पूर्णपीठानं पुढे सांगितलं, की नाही, कायदा असंरक्षितांसाठी आहे. मला हे पटतं. छत्री भिजणाऱ्यासाठी असते.

सगळं गोड आहे असं समजू नका. औद्योगिक वसाहतींमध्ये माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. ट्रक अडवायचा, हात न लावता पैसे मागायचे. कारखानदार वैतागले, आणि त्यांचा संताप खरा आहे. पण खऱ्या-खोट्याची परीक्षा कायद्यातच आहे. नोंदलेल्या टोळीचे पैसे मंडळाच्या खात्यात जातात. जो रोख मागतो, तो माथाडी नव्हेच. दुसऱ्या बाजूला नोंदच न करणारे व्यापारी आहेत, लेव्ही थकवणारे आहेत. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर तोलाई कशाला द्यायची, हा बाजारातला जुना झगडा आहे. आणि हळद, बेदाणा निवडणाऱ्या, चाळणाऱ्या बायका? त्यांच्याकडे अजून पुरती नजर वळलेली नाही. त्यांनी निवडलेला माल मात्र भाव खाऊन जातो.

पोत्याच्या वजनाचंही असंच. पाठीला किती झेपतं याचा जगानं विचार केला तो १९६७ साली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं तेव्हा प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा सुचवला. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, आपल्या बाजारांत क्विंटलचं पोतं एकट्याच्या पाठीवर जायचं. संघटनेच्या १९६७च्याच वजनाविषयीच्या करारावर भारतानं मोहोर उठवली २०१० मध्ये.

अण्णासाहेब पाटील १९८२ साली गेले. मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, स्वतःवर गोळी झाडून घेतली. लोक आज त्यांना मुख्यतः त्या आंदोलनासाठी आठवतात. माथाडी मंडळाची कल्पना मात्र त्यांच्या हयातीतच पुढे सरकली होती. १९८१ साली महाराष्ट्रानं खासगी सुरक्षा रक्षकांसाठी अशाच मंडळाचा कायदा केला. आणि जिथून मूळ कल्पना आली त्या ब्रिटननं १९८९ मध्ये गोदीची ती योजना मोडीत काढली. थॅचरबाईंच्या काळात. थेम्सकाठी संपलेली गोष्ट कृष्णाकाठी चालूच राहिली.

आता साताऱ्याच्या पोवई नाक्यावर संध्याकाळी उभे राहा. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून मोटारसायकलवर जेवण पोचवणारी पोरं दिसतील. एका ॲपचं जेवण, दुसऱ्या ॲपचं पार्सल. हॉटेलवाला म्हणतो माझा नाही, कंपनी म्हणते तो आमचा भागीदार आहे, गिऱ्हाईक तर दार लावून घेतं. ओळखीचं वाटतंय ना?

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनं या पोरांची दखल घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण उलाढाल वर्षाअखेरीला मोजली जाते, कंपनीच्या वहीत, दूर कुठेतरी. आपल्या हमालाच्या यंत्राचा जीव पोत्यागणिक भरण्यात होता. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकानं २०२५ मध्ये कायदे केले ते या दुसऱ्या वाटेनं. मंडळ, नोंदणी, आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. कर्नाटकात ते पोराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे मिरजेहून म्हैसाळमार्गे निघालात आणि सीमा ओलांडून कागवाडला पोचलात, की तिथल्या पार्सलमागे माथाडी पद्धतीची लेव्ही आहे. सीमेच्या अलीकडे, जिथे ही पद्धत घडली त्या महाराष्ट्रात, ती पोत्यामागे आहे. पार्सलमागे लावायला नवीन काही शोधून काढायची गरज नाही, ॲपमध्ये तर प्रत्येक फेरीचा हिशेब आधीच पडलेला असतो.