‘वर्धिष्णू’ म्हणजे नुसतं ‘वाढणारं’ नव्हे

शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतला ‘वर्धिष्णु’ हा शब्द तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. टी-शर्टवर असतो, गाड्यांच्या काचांवर असतो. अर्थ विचारला की उत्तर येतं, ‘वाढणारा’. चूक नाही, पण उत्तर अर्धं आहे.

मूळ धातू ‘वृध्’, म्हणजे वाढणे. त्याच्यापासून ‘वृद्ध’ होतो, वाढून झालेला. ‘वर्धमान’ होतो, आत्ता वाढत असलेला. आणि ‘इष्णु’ प्रत्यय लागला की ‘वर्धिष्णु’. पाणिनीनं हा प्रत्यय मोजक्याच धातूंना सांगितलाय, तोही शील दाखवण्यासाठी. म्हणजे ती क्रिया ज्याचा स्वभावच आहे, असा. ‘सहिष्णू’ घ्या ना. बसमध्ये एकदा धक्का लागला आणि आपण गप्प बसलो, म्हणून कुणी आपल्याला सहिष्णू म्हणत नाही. सहन करणं ज्याच्या अंगातच आहे, तो सहिष्णू. तसंच हे. एका दिवाळीत विक्री दुप्पट झाली, एवढ्यानं दुकान वर्धिष्णू ठरत नाही. (मराठीत लिहिताना शेवटचा ‘णू’ दीर्घ, पण ‘वर्धिष्णुता’ म्हटलं की ऱ्हस्व.)

आता मुद्रेतली उपमा बघा. प्रतिपदेची चंद्रकोर. ती डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, आपल्याला सहसा दिसते ती बीजेची. पण ती वाढणार, हे त्या दिवशीच ठरलेलं असतं. आणि गंमत अशी, की ही प्रतिपदा शुद्ध की वद्य, हे मुद्रेत कुठेच लिहिलेलं नाही! ते कळतं ‘लेखा’, म्हणजे बारीक रेघ, आणि ‘वर्धिष्णु’ या दोन शब्दांवरून. वद्य प्रतिपदेचा चंद्र जवळपास पूर्ण असतो आणि तिथून घटत जातो.

आणखी एक. आपण सर्रास म्हणतो, मुद्रेत राज्याला वर्धिष्णू म्हटलंय. व्याकरणानं बघितलं तर ते विशेषण मुद्रेचं आहे. शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा वर्धिष्णू, असा अन्वय लागतो. राज्य त्यातून सूचित होतं, ते बरोबरच आहे.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पौर्णिमेनंतर चंद्र घटतोच, मग ही उपमा अशुभ नाही का? प्रश्न चांगला आहे. पण उपमेत समोरच्या वस्तूचं सगळंच घ्यायचं नसतं. मुख चंद्रासारखं म्हटलं, तर आपण त्यावर डाग शोधतो का? आणि मुद्रेत नुसता ‘चंद्र’ नाहीच. ‘चंद्रलेखा’ आहे, तीही प्रतिपदेची. पौर्णिमेपर्यंत ती उपमा गेलेलीच नाही.