७,६६३ येनचं भूमिपूजन

१४ जानेवारी १९६५. जपानमधल्या त्सू शहरात नगरपालिकेच्या व्यायामशाळेचं काम सुरू होणार होतं. शिंतो पुरोहितांनी जागा शुद्ध केली, नैवेद्य ठेवला, बांधकाम निर्विघ्न पार पडावं म्हणून प्रार्थना केली. आपलं भूमिपूजनच! तिकडे त्याला ‘जिचिन्साई’ म्हणतात. खर्च ७,६६३ येन, शहराच्या तिजोरीतून. एका नगरसेवकाने कोर्टात धाव घेतली: सरकारने धर्मकार्य करू नये असं राज्यघटना सांगते, मग हे कसं चाललं?

निकालाला बारा वर्षं लागली. कारण आधी ठरवायचं होतं, हा विधी धर्म आहे की रूढी?

याचं मूळ शोधताना मी थक्क झालो. ‘रिलिजन’साठी जपानीत आज जो ‘शूक्यो’ शब्द आहे, तो या अर्थाने रुळला तो एकोणिसाव्या शतकात, पाश्चात्त्यांशी तह करताना प्रतिशब्द हवा म्हणून. त्याआधी माणूस शिंतो देवळात हात जोडायचा, मृत्यूनंतरचे विधी बौद्ध भिक्षूकडून व्हायचे, आणि यातला ‘आपला’ कोणता, हे निवडायची गरजच नव्हती. (आपला ‘धर्म’ शब्दही असाच ताणला गेलाय, ‘शेजारधर्म’ म्हणताना आपल्याला कुठलाच देव आठवत नाही.)

नव्या शब्दाने मोठी किमया केली. १८८९च्या राज्यघटनेने मर्यादित श्रद्धास्वातंत्र्य दिलं, पण सरकारी शिंतो हा ‘शूक्यो’ नाहीच, असं राज्यकर्त्यांनी ठरवून टाकलं. मग शाळकरी मुलांना, घरची श्रद्धा कोणतीही असो, शिंतो देवळापुढे वाकावं लागलं. स्वातंत्र्य कागदावर शाबूत होतं! युद्धानंतर, १९४७ साली अमलात आलेली राज्यघटना म्हणूनच इतकी कडक झाली.

व्याख्येने जपानमध्ये जे केलं, ते फ्रान्समध्ये सीमारेषेने केलं. १९०५ साली तिथे कायद्याने शासन आणि चर्च वेगळे झाले. स्ट्रासबर्गमध्ये मात्र पाद्री आणि रब्बी यांना आजही सरकारी पगार मिळतो, कारण १९०५ साली ते शहर जर्मनीत होतं!

त्सूच्या खटल्याचा निकाल १९७७ साली लागला. दहा न्यायाधीश म्हणाले, ही लौकिक प्रथा आहे. पाच म्हणाले, हा धर्मच आहे. त्या पाचांत होते खुद्द सरन्यायाधीश फुजिबायाशी एकिझो, स्वतः ख्रिस्ती. मला त्या पाचांचं पटतं. जो विधी बहुसंख्यांना नुसती रूढी वाटतो, त्यातला देव बाहेरच्यालाच आधी दिसतो.