ढेकूण पितो तेव्हा रक्त गोठत का नाही?

पेडगावच्या वस्तीत ढेकणाचा विषय कुणी काढत नाही, लाज वाटते. पण ढेकूण घाण बघून येत नाही, त्याला रक्त हवे असते; माडीवरच्या पलंगातही तो निघतो.

त्याने सोंड खुपसली की दुखावलेल्या पेशींतून एडीपी नावाचे द्रव्य सुटते. ती हाक ऐकून प्लेटलेट धावतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबते. डेंग्यूमुळे प्लेटलेट आता घरोघरी माहीत आहेत. ढेकणाच्या लाळेत मात्र ॲपिरेज नावाचे विकर आहे. एडीपीला फॉस्फेटचे दोन मणी असतात. विकर एक तोडते आणि हाक बंद पडते. या विकराला कॅल्शियम लागते, आणि ते आपल्याच रक्तात असते! त्याचे जनुक १९९८ मध्ये उलगडले. तशाच घडणीचे विकर माणसाच्या पेशींतही सापडले. २००४ मध्ये त्याचा आकार दिसला, पाच पात्यांच्या पंख्यासारखा.

ढेकणाने माणसात रोग पसरवल्याचा पुरावा नाही. आम्हाला भीती आहे ती कापसावरचे औषध बाजेवर फवारण्याची. बंद खोलीत ते लेकरांच्या श्वासात जाते. त्यापेक्षा बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओता, गोधड्या कडक पाण्यात धुवा, भिंतीच्या भेगा लिंपा. चुकलेली अंडी फुटतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि शेजारच्या घरांनीही त्याच दिवशी.