आत्मप्रतिष्ठेची जाणीव आणि ख्रिस्ती श्रद्धा : सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात

मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातील प्रतिपादन ख्रिस्ती मानवप्रतिष्ठेच्या विचाराचा पाया होय. त्यानुसार व्यक्तीचे मोल जन्म, जात वा धन यांवर अवलंबून नसते. तथापि हे मोल दुसऱ्याने सांगणे आणि स्वतः ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण जन्माने आयती मिळालेली प्रतिष्ठा त्यांनी सोडली. पुढे ते अमेरिकन मराठी मिशनचे कार्य करू लागले. पण तेथेही परदेशी मिशनरी निर्णय घेणारा आणि एतद्देशीय ख्रिस्ती वेतन घेणारा, अशी एक नवी उतरंड होतीच. देवापुढे सर्व समान असतील, तर ख्रिस्ताच्या सेवेसाठी कुणाचा पगारी नोकर का व्हावे? १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व ते साताऱ्यास राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची भूमिका होती. भजन-कीर्तनासारखे देशी उपासनाप्रकार त्यांनी यापूर्वीच ख्रिस्ती उपासनेत रुजवले होते. दरबाराची घडी नीट बसण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. पतीपाठोपाठ त्यांनी धर्म बदलला नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे, हे त्यांना प्रथम स्वतःच्या विचाराने पटले, बाप्तिस्मा नंतरचा. ‘स्मृतिचित्रे’ची खरी थोरवी या क्रमात आहे.

वेतन सोडणे टिळकांना साधले, कारण विद्या व कवी म्हणून कीर्ती त्यांच्यापाशी होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्यांना हे भांडवल नव्हते. त्यांच्या दृष्टीने मिरजेचे महत्त्व अधिक. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय व १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू केली. शुश्रूषा स्पर्श टाळून करता येत नाही. आणि हाती कौशल्य असलेला मनुष्य केवळ दयेचा विषय राहत नाही.

शासनाच्या लेखी मात्र प्रश्न निराळाच ठरला. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. धर्मांतराने जात संपते, हे त्यामागील गृहीतक. सोयरीक जुळवताना ते ख्रिस्ती घरांतही नेहमी खरे ठरत नाही.