अरबी वळणाचा पहिला कित्ता

डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें १९५५ सालीं कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांपैकीं शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या कारकीर्दींतील पट अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. तलासरीच्या उत्तरेस असलेल्या व हल्लीं गुजराथेंत मोडणाऱ्या संजाणच्या प्रदेशाचा, म्हणजे तत्कालीन संयान मंडलाचा, कारभार एका ताजिकाकडे म्हणजे अरबाकडे होता, असें त्यांत सांगितलें आहे. त्याचें नांव पटांत ‘मधुमति’ असें येतें. हा मुहम्मद होय हें दिनेशचंद्र सरकार यांनीं पट प्रसिद्ध करतांना दाखविलें. पट संस्कृत भाषेंत असल्यामुळें लेखकानें कानावर पडलेलें नांव आपल्या वळणांत बसविलें. त्या पुरुषानें स्वतःचें नांव ज्या अक्षरांत लिहिलें असतें, त्या अक्षरांची ओळख मात्र आपल्यापैकीं पुष्कळांस नसते. संग्रहांत फारसी फर्मान असतें, नाणें असतें, शिलालेखाचा ठसा असतो. वाचावयास दुसऱ्याकडे पाठवावें लागतें. ही अडचण दूर करण्याचा आम्हांस दिसणारा मार्ग वाचण्यापूर्वीं लिहावयास शिकणें हा होय.

मोडी जाणणाऱ्यास हें काम वाटतें तितकें परकें नाहीं. कलम, दऊत, कागद, शाई हे शब्द तिकडूनच आले आहेत. आपण ज्यास कित्ता म्हणतों तो शब्दहि अरबी ‘कितअ’ म्हणजे तुकडा यापासून झाला आहे. सुलेखनाच्या नमुन्याच्या पानास तिकडे हेंच नांव आहे. बोरूहि आपल्या हातचा आहे. फक्त त्याचें टोंक तिरपें छाटून मध्यें चीर पाडावी. शाई काजळी व डिंक यांची असावी आणि दऊतींत रेशमाचा बोळा ठेवावा, म्हणजे बोरू जरूरीपेक्षां अधिक शाई उचलीत नाहीं व टोंकहि दुखावत नाहीं. कागद घोटलेला हवा. खडबडीत कागदावर बोरू अडखळतो आणि शिकणारा दोष आपल्या हातास देतो.

मोडीवाल्यास खरी अडचण येते ती ओळीची. आपली अक्षरें वरच्या रेघेस लोंबतात, तीं खालच्या रेघेवर बसतात. शिवाय हात उजवीकडून डावीकडे न्यावयाचा. पहिले कांहीं दिवस नुसते ठिपके काढावे. बोरू तिरपा टेकवून किंचित् ओढला कीं कोनावर उभा असा चौकोनी ठिपका उमटतो. हाच नुक्ता व हेंच माप. नस्ख वळणांत अलिफ साधारणतः ५ नुक्ते उंच असतो, सुलुस वळणांत ७. बोरू रुंद घेतला तर सर्व अक्षर त्याच प्रमाणांत वाढतें. ही मापाची रीत बगदादचा वजीर इब्न मुक्ला याच्या नांवावर मोडते. अलिफ हा व्यास धरून वर्तुळ काढावें व इतर अक्षरांचे बांक त्यावरून ठरवावे, असा तिचा आशय आहे. चिंचणीचा पट कोरला गेला त्या सुमारास हा पुरुष हयात होता. पुढें त्याचा उजवा हात तोडण्यांत आला व ९४० सालीं तो कैदेंत वारला. त्याच्या हातचें निर्विवाद असें पान आज उपलब्ध नाहीं. त्याच्या परंपरेंतील इब्न अल्-बव्वाब यानें हिजरी ३९१ मध्यें लिहिलेलें कुराण डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे. त्याचें छायाचित्र मिळाल्यास अवश्य पाहावें.

सुटीं अक्षरें बसल्यावर जोडाक्षरांसाठीं संजाणच्या त्या अधिपतीचेंच नांव घ्यावें. मुहम्मद या शब्दांत मीम, हे, मीम व दाल हीं चार अक्षरें. नुक्ता एकहि नाहीं. मकाराचें द्वित्व निराळें लिहीत नाहींत, ऱ्हस्व स्वरहि लिहीत नाहींत. पहिलीं तीन अक्षरें एकमेकांत गुंततात व दाल शेवटीं लागतो. दालाच्या पुढें कांहीं जोडावयाचें नसतें. यांतील ‘हे’चेंच अंग खालीं नुक्ता दिल्यास जीम होतें, वर दिल्यास खे. आतां दुसऱ्या मीमानंतर एक वाव घाला. नांव महमूद झालें. फरक एका अक्षराचा, परंतु इतिहासांत तो लहान नाहीं. इ. स. १३७८ ते १३९७ पर्यंत राज्य करणाऱ्या बहमनी सुलतानास फिरिश्ता महमूद म्हणतो. नाण्यांवर मुहम्मद आहे. नाण्यावरील तो वाव आहे कीं नाहीं हें ज्यानें शंभर वेळां वाव काढला आहे त्याचा डोळा चट्दिशीं सांगतो.

हिंदुस्थानांतील बहुतेक फारसी पोथ्या नस्तालीक वळणाच्या, म्हणून त्यापासूनच आरंभ करावा असें कांहीं जाणते सांगतात. आमचें मत निराळें आहे. नस्तालीकांत शब्द उतरता चालतो, नवख्यास ओळीचा आधारच राहत नाहीं. नस्ख आधीं, नस्तालीक नंतर, शिकस्ता सर्वांत शेवटीं. शिकस्त्यांत नुक्ते गळतात, आणि अलिफ, दाल, रे, वाव यांसारखीं पुढें न जुळणारीं अक्षरेंहि लेखक घाईनें जोडतो. हाताची मूळ चाल ठाऊक असल्यावांचून तें उलगडत नाहीं. (मोडी हें नांव शिकस्ता या शब्दाचें भाषांतर असावें, ही कल्पना आम्हांस पटत नाहीं; शिकस्ता सतराव्या शतकांत घडला, मोडी कागद त्यापूर्वींचे आहेत.)

गुरु मिळाल्यास उत्तम. तो शिष्याच्या अक्षराखालीं स्वतः अक्षर काढून दाखवितो व बांक कोठें चुकला तें नुक्त्यांनीं मोजून देतो. न मिळाल्यास चांगल्या नमुन्याचें छायाचित्र समोर ठेवून नुक्ते स्वतः मोजावे. संग्रहांतील मूळ कागदावर पातळ कागद ठेवून गिरविण्याचा मोह मात्र आवरावा. बोरूचा दाब खालच्या कागदावर उमटतो, आणि जुनी काजळीची शाई ओलाव्यानें पसरते.