वाऱ्याकडे तोंड करून

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सोनेगाव तलावाच्या काठी उभं राहिलं की आधी विमान ऐकू येतं आणि मग बगळे दिसतात. तलाव आणि नागपूरचा विमानतळ एकमेकांचे शेजारी. धुकं विरळ झालं की पाण्यावरचा एखादा पाणकावळा उठायच्या तयारीला लागतो. जड अंगाचा पक्षी, एका झेपेत हवेत जाणं त्याला जमत नाही. तो पाण्यावर पाय आपटत दहा-पंधरा हात धावतो, मान पुढे ताणतो आणि मग कुठे पंखांत हवा धरतो. त्याच वेळी भिंतीपलीकडे इंजिनांचा आवाज चढत जातो, विमानही धावतं, नाक वर करतं. पाणकावळा आणि विमान, दोघांची तोंडं एकाच बाजूला. हे माझ्या डोळ्यांत भरायला चार हिवाळे जावे लागले.

कारण साधं आहे. पंखावरून हवा जितकी जोरात वाहील तितकी उचल जास्त मिळते. समोरून येणारा वारा म्हणजे न धावता मिळालेला वेग. म्हणून पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो, वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो, आणि विमानाचंही तेच. नागपूरची धावपट्टी ३२०० मीटर लांब, वायव्य-आग्नेय अशी आखलेली. तिच्या एका टोकाला ३२ आणि दुसऱ्याला १४ हे आकडे आहेत, म्हणजे ३२० अंश आणि १४० अंश. वारा वायव्येचा असेल तर विमान आग्नेयेकडून, वर्धा रोडवरच्या चिंचभवनाच्या बाजूने उतरतं. वारा फिरला की सगळा खेळ उलटा होतो. उडत्या गोष्टींचे फोटो काढायचा छंद ज्याला लागला, त्याने कॅमेऱ्याच्या आधी हे शिकावं असं माझं ठाम मत आहे.

पक्षी आणि विमान हे दोन वेगळे छंद आहेत असं आपल्याकडे मानतात. पक्ष्यांची माणसं पहाटे गोरेवाडा तलावावर जातात, विमानांची माणसं मोबाइलवर उड्डाणांचा नकाशा उघडून गच्चीवर बसतात. पण या दोन्हींची मुळं एकाच घरात आहेत. ओटोमार आन्शुट्झ नावाच्या जर्मन छायाचित्रकाराने १८८४ साली उडत्या करकोच्यांचे फोटो काढले. तोवर पक्ष्याचा पंख उडताना नेमका कसा वळतो हे फारसं कुणी नीट पाहिलेलं नव्हतं, डोळ्याला ते पकडता येत नाही. त्या फोटोंनी जर्मन अभियंता ओटो लिलिएंथाल भारावून गेला. १८८९ साली त्याचं पक्ष्यांच्या उड्डाणावरचं पुस्तक आलं, पुढे तो स्वतः पंख बांधून टेकडीवरून तरंगू लागला, आणि त्या तरंगण्याचे फोटो काढायला पुन्हा आन्शुट्झच आला. एकाच माणसाने आधी पक्षी टिपला आणि मग त्या पक्ष्यापासून शिकलेला माणूस टिपला. त्याच सुमारास पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारेने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता. तो सेकंदाला बारा चित्रं घ्यायचा. लिलिएंथाल १८९६ साली उडताना पडून गेला. त्यानंतर सात वर्षांनी राइट बंधूंचं विमान बारा सेकंद हवेत राहिलं.

आन्शुट्झने टिपला तो पांढरा करकोचा. तोच पक्षी थोड्या संख्येने हिवाळ्यात विदर्भातही येतो. शेतात तो चालताना दिसला की मला हा सगळा इतिहास आठवतो.

नागपूरला आकाशाचं जुनं वेड आहे आणि त्याला भूगोल कारणीभूत आहे. देशाच्या मधोमध असल्याने १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाचं केंद्र इथे आलं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपल्या गावी परत. १९७३ पर्यंत हे चाललं. चार दिशांनी येणारी डकोटा विमानं रात्रीच्या अंधारात एका मैदानावर उभी, हे दृश्य आजच्या कॅमेऱ्याने टिपायला मिळालं असतं तर काय बहार आली असती. पुढे १९९१ साली आलेलं एक बोइंग ७२० धावपट्टीच्या जवळ जे थांबलं ते २०१५ पर्यंत हललंच नाही. नागपूरच्या एका अख्ख्या पिढीने विमानाच्या खिडकीतून ते गंजताना पाहिलं. आता विमानतळाशेजारच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचा मोठा तळ आहे, त्यामुळे एरवी नागपूरला न उतरणारं लांब पल्ल्याचं बोइंग ७७७ कधीतरी अवचित डोक्यावरून जातं. त्या दिवशी विमानवाल्या मित्रांचे फोन थांबत नाहीत.

वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये वायुसेनानगरात झालेल्या प्रदर्शनात सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी हॉक विमानं आली, तेव्हा एरवी फक्त पक्षी टिपणारे कितीतरी जण लेन्स घेऊन आले होते. विमानांचा सराव सुरू झाला तशा घारी हळूहळू बाजूला सरकल्या. माझ्या सगळ्यांत आवडत्या फोटोत वर धुराची पांढरी रेघ आहे आणि खाली कोपऱ्यात एक घार, शेपटी वळवून दिशा बदलणारी.

साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. रोल होता तेव्हा छत्तीस फोटो, त्यात एखादा बरा. उडता पक्षी टिपणं हे मोजक्या लोकांचं काम होतं. २०१४-१५ च्या आसपास १५०-६०० आणि २००-५०० मिलिमीटरच्या लेन्स मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या, आणि २०२० नंतरचे कॅमेरे तर पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात. फोकसचं निम्मं काम यंत्राने उचललं. उरलेलं निम्मं मात्र आजही माणसाचंच आहे, आणि मजाही त्यातच आहे.

त्यातली एक गोष्ट शटरची. पक्ष्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवला तर पिसं सुटी दिसतात. तोच आकडा पंख्याच्या विमानाला लावला की फोटो मेला. एटीआर विमानाचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात तो जेमतेम साडेतीन अंश फिरतो. पाती गोठतात आणि इंजिन बंद पडलेलं विमान आकाशात टांगून ठेवल्यासारखं दिसतं. १२५ वा भाग ठेवला तर तोच पंखा जवळजवळ ५८ अंश फिरतो. सहा पात्यांमधलं अंतर ६० अंशांचं, त्यामुळे पूर्ण चकती धूसर भरून येते आणि विमान जिवंत होतं. पण मग १२५ व्या भागात दोनशे किलोमीटर वेगाचं धूड तीक्ष्ण कसं यायचं? तर कंबरेतून वळायचं, लेन्स विमानाबरोबर फिरवत न्यायची, बटण दाबल्यावरही फिरवत राहायची. आम्ही याला पॅनिंग म्हणतो. हात बसायला महिने लागतात. रस्त्यावरच्या स्कूटींवर सराव करावा. ज्याचा हात विमानावर बसला त्याला पुढे गायबगळ्यांची संध्याकाळची परतीची रांगही जमते.

दुसरी गोष्ट कवड्या धीवराची. काळा-पांढरा, खंड्याच्या घरातला पक्षी. तो पाण्यावर वीस-पंचवीस फुटांवर एका जागी थबकतो. अंग जवळजवळ उभं, चोच सरळ खाली, पंखांची नुसती फडफड. पण डोकं पाहा. वाऱ्याचा झोत आला, शरीर हललं, शेपटी हलली, तरी डोकं खिळा मारल्यासारखं जागच्या जागी. फोकस तिथे ठेवायचा. मग पंख एकाएकी मिटतात आणि तो दगडासारखा सुटतो. नवखा माणूस तेव्हा बटण दाबतो आणि त्याला पाण्याचं वर्तुळ मिळतं. जुना माणूस पंख मिटण्याच्या आधीची खूण ओळखतो. माझ्या अनुभवात फडफड क्षणभर मंदावते आणि चोच एका बिंदूवर ठरते. अंबाझरी तलावाच्या काठी मी एकाच धीवरासाठी सलग नऊ सकाळी गेलो. नवव्या दिवशी चोचीत मासा, पंखांवरून ओघळणारं पाणी आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका असा एक फोटो आला. तोही पाण्यातून वर येतानाचा. सूर मारतानाचा अजून आलेला नाही.

नागपूरचं वर्षच या छंदाला साजेसं आहे. दसऱ्याला नीलकंठ दिसावा म्हणून आजही लोक गावाबाहेर पडतात. त्याचे निळे पंख बसल्यावर झाकलेले असतात, उडाला की उलगडतात. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. नवेगावच्या जंगलात आणि नंतर नागपुरात राहून त्यांनी आम्हाला पक्ष्यांची मराठी नावं दिली. ती नावं फोटोखाली लिहिताना मला आजही त्यांचं ऋण जाणवतं. नोव्हेंबरातच अमूर ससाणे ईशान्येकडून निघून मध्य भारतावरून अरबी समुद्राकडे जातात, पुढे थेट आफ्रिकेला. मग उमरेडकडच्या पारडगाव तलावावर पट्टकादंब उतरतात. हिमालय ओलांडणारे हे पक्षी सात हजार मीटरच्या वर उडताना उपग्रहाच्या साहाय्याने नोंदले गेले आहेत. प्रवासी विमानाची उंची त्यापेक्षा तीन-चार हजार मीटरच अधिक. मार्चनंतर मात्र लेन्स आवरती घ्यावी. पारा ४५ कडे निघाला की जमिनीवरची हवा थरथरते आणि सहाशेच्या लेन्समधून धावपट्टीवरचं विमान पाण्यात बुडालेलं दिसतं. कितीही महागडा कॅमेरा त्यावर उपाय करू शकत नाही. मे महिन्यात सूर्य उगवल्यावर तासाभरात घरी यावं.

पक्षी आणि विमान यांची गाठ नको तिथेही पडते. घार ही भारतात विमानांना धडकणाऱ्या पक्ष्यांपैकी प्रमुख. तिला दोष देण्यात अर्थ नाही. ती जिथे कचरा तिथे येते. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला १९३७ च्या विमान नियमांत बंदी आहे. कुठल्याही मोठ्या शहराच्या कडेने फिरून पाहावं म्हणजे ही बंदी किती पाळली जाते ते कळतं. आपण टाकलेलं खरकटं हवेत गोल घिरट्या घालू लागतं, आणि त्याच हवेतून दीडशे माणसं खाली उतरत असतात. विमानतळाच्या आत परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई आहे आणि वायुसेनेच्या भिंतीपाशी तर लेन्स पिशवीतच ठेवावी. हे नियम छंदाच्या आड येत नाहीत. बाहेरच्या मोकळ्या आकाशात पुरेसं मिळतं.

मला खरा त्रास होतो तो दुसऱ्या गोष्टीचा. दोन हिवाळ्यांपूर्वी एका तलावावर शे-दीडशे बदकं शांत बसली होती. तलवार बदकं जास्त, मध्ये काही चक्रवाक. शेजारी उभ्या तरुणाने सोबत्याला सांगितलं, ‘‘मार बे एक गोटा, उडतात का पाहू.’’ गोटा पडला. थवा उठला, दोघांनी शेकड्याने फोटो काढले. मी फक्त पाहिलं की सगळा थवा आमच्याकडे पाठ करून गेला होता. त्यांना शेपट्याच मिळाल्या असणार. त्या पक्ष्यांनी हजारो किलोमीटर उडून जी चरबी उरवली होती, तिच्यातली थोडी त्या गोट्यापायी गेली. दिवाळीत तलावाकाठी फटाके फुटतात तेव्हाही रात्रभर हेच होतं.

थवा पुन्हा उतरल्यावर मी त्या तरुणाशी बोललो. रागावून नाही, वारा कुठून येतोय ते दाखवून. मूठभर वाळलेलं गवत हातातून सोडलं. ते पश्चिमेकडे गेलं, म्हणजे वारा पूर्वेचा, आणि सकाळचा सूर्यही पूर्वेलाच. आम्ही दोघं बांधाच्या पूर्वेला जाऊन, वारा आणि सूर्य पाठीशी घेऊन बसलो. तासभर काही झालं नाही. त्याने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा उठायचीही तयारी केली. मग कुठल्याशा कारणाने, आपल्या मनाने, चक्रवाकांची एक जोडी उठली. वाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे सरळ आमच्याकडे. नारिंगी छाती, पंखाखालचा पांढरा पट्टा, दोन्ही डोळ्यांत सूर्य. त्याच्या कॅमेऱ्याचा आवाज सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या फोटोनंतर थांबला. पक्षी डोक्यावरून गेले तेव्हा तो कॅमेरा खाली धरून मान मागे टाकून पाहत होता.