फळ्याजवळची उसनी अवजारं

बारामतीच्या एमआयडीसीत मालवाहू रिक्षा बनतात, व्हेस्पा बनते आणि ज्याच्यासाठी पोरं दुकानात भोकाड पसरतात ते किंडर जॉयसुद्धा बनतं. शेजारीच विद्या प्रतिष्ठानची विद्यानगरी आहे. एका बाजूला पाळीचा भोंगा, दुसऱ्या बाजूला तासाची घंटा. ऑनलाइन शिकवायला लागणाऱ्या साधनांचा इतिहासही असाच कारखान्याच्या शेजारचा आहे. त्यातली बरीचशी मास्तरांसाठी जन्मालाच आलेली नाहीत. कुणी सुट्या भागांसाठी काढलं, कुणी कॉफीसाठी, कुणी खेळासाठी. मास्तरांनी ती उसनी आणली आणि वापरून वापरून आपलीशी केली.

क्यूआर कोड आला गाडीच्या कारखान्यातून
जपानमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत एकेका खोक्यावर अनेक बारकोड असायचे. ते स्कॅन करून करून कामगार वैतागले. त्यावर उपाय म्हणून मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये क्यूआर कोड तयार केला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कल्पना सुचली ती 'गो' या पटावरच्या खेळावरून. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरासाठी कुणाकडून पैसे मागितले नाहीत. म्हणून तो आज भाजीच्या गाडीवरही आहे आणि पाठ्यपुस्तकातही.

पान मळलं तरी धडा उघडतो
कोडमध्ये माहिती थोडी जास्तीची भरलेली असते. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. दप्तरात चुरगळलेल्या पुस्तकाला आणखी काय हवं? पथ्य एकच: तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना धक्का लावू नका. फोन त्यांच्यावरूनच कोड ओळखतो. स्वाध्यायपत्रिकेला पिन मारताना ती चौथ्या कोपऱ्यात मारा!

भीमेपलीकडचे गुरुजी
इंदापूरहून भीमा ओलांडली की माढा तालुका. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन करायचा की कविता ऐकायला आणि धडा बघायला मिळायचा. 2017 मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत कोड आणायचं ठरवलं. 3 डिसेंबर 2020 रोजी डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, रक्कम 10 लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

वेबकॅमचा जन्म कॉफीपोटी
1991 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं एकच होतं आणि पिणारे अनेक. जिने चढून जावं तर भांडं रिकामं. मग भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसू लागलं. 2001 मध्ये हा कॅमेरा बंद झाला. आज त्याच युक्तीने भिगवण-कुंभारगावच्या शिक्षकाला उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावरचे रोहित पक्षी दुसऱ्या जिल्ह्यातल्या वर्गाला थेट दाखवता येतील. सहलीची वर्गणी नाही आणि बसमध्ये कुणाला उलटीही नाही.

पॉवरपॉइंट आधी मायक्रोसॉफ्टचं नव्हतंच
1987 मध्ये फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने ते बाजारात आणलं, तेही अॅपलच्या मॅकिन्टॉशसाठी. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 1 कोटी 40 लाख डॉलर मोजून ती कंपनीच विकत घेतली. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होतं ते कचेऱ्यांतल्या बैठकांचं. बैठकीतली एक वाईट खोड मात्र वर्गात आली: पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवणं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं, की चित्र आणि बोलणं एवढ्यावर मुलं चांगली शिकतात. बोललेलंच पुन्हा पडद्यावर छापलं, तर शिकणं बऱ्याचदा घटतं. स्लाइडवर चित्र ठेवा, वाक्यं तोंडात.

मास्तरांचा स्टुडिओ, गेम खेळणाऱ्यांची कृपा
पडदा, चेहरा आणि आवाज एकत्र रेकॉर्ड करणारं ओबीएस स्टुडिओ फुकट मिळतं. ह्यू बेली यांनी ते 2012 मध्ये आणलं, ते स्वतः खेळत असलेला व्हिडिओ गेम इतरांना थेट दाखवता यावा म्हणून. पोरं ज्या गेमपायी बोलणी खातात, त्याच्याच पोटातून बाईंचा भूगोलाचा तास निघाला.

कान आधी, डोळे नंतर
चित्र जरा धूसर असलं तरी मुलं सांभाळून घेतात. आवाज खरखरला की तास संपलाच. 2000 साली आलेलं ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पंख्याची घरघर काढून टाकतं. त्यासाठी सुरुवातीचे चार-पाच सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करायचे. त्या तुकड्यावरून सॉफ्टवेअर घरघर ओळखतं आणि बाकीच्या आवाजातून वजा करतं. नुसत्या आवाजावर काय काय करता येतं, ते बारामतीकरांना सांगायला नको. विद्या प्रतिष्ठानचं 90.4 एफएमवरचं वसुंधरा वाहिनी हे त्यांचं घरचंच रेडिओ केंद्र.

सहाव्या मिनिटाला घंटा
2014 मध्ये फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंची सुमारे 69 लाख पाहणी-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, साधारण विद्यार्थी सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता. छापील स्लाइडपेक्षा हाताने काढत काढत शिकवलेलं जास्त पाहिलं गेलं. म्हणजे चाळीस मिनिटांचा तास सलग चित्रित करायचा नाही. त्याचे तुकडे पाडायचे आणि स्वतःच्या अक्षराला लाजायचं नाही.

बालचित्रवाणी ते टिलीमिली
पडद्यावरून मराठीत शिकवणं करोनाने आणलेलं नाही. पुण्यात 1984 मध्ये सुरू झालेल्या बालचित्रवाणी या संस्थेने दूरदर्शनवरून एक अख्खी पिढी शिकवली. 2017 मध्ये शासनाने ती बंद केली. तीनच वर्षांनी शाळांना कुलपं लागली आणि जुलै 2020 मध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. स्मार्टफोन नसलेल्या घरात जुना टीव्हीच कामाला आला.

शिकायचं कुठे? मराठीतच!
आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. विषय ऑडॅसिटी, जिंप, लिब्रेऑफिस यांसारखी मोफत सॉफ्टवेअर. पडद्यावर इंग्रजी सॉफ्टवेअर आणि कानात मराठी निवेदन. पद्धतही साधी: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. थोडं पाहायचं, धडा थांबवायचा, करून बघायचं.

तेव्हा सर, बाई, 'आम्हाला कुठं जमतंय' हे आता पुरे. ज्यांनी ही साधनं काढली, त्यांनाही ती वर्गात कशी चालतील हे ठाऊक नव्हतं. ते तुम्हीच ठरवलंत. या रविवारी फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा करा, पंखा बंद करा आणि तुमच्या वर्गाला हमखास अडणारी एकच गोष्ट सहा मिनिटांत समजावून सांगा. सोमवारी ती वर्गाच्या ग्रुपवर टाका.